तहकूब झालेली ग्रामसभा

मी लग्न होऊन भैरववाडीत आले तेव्हा राहीआक्का ग्रामपंचायतीची मेंबर होती, पण ते तिच्या तरी कुठं ध्यानात असायचं! पंचायतीत बाईची जागा भरावी लागते. कुणाला तरी द्यायची, म्हणून पासष्टच्या लढाईत कामी आलेल्या जवानाची बायको म्हणून तिचं नाव घातलं होतं. बिनविरोध. मीटिंग झाली की पंचायतीचा शिपाई घरी यायचा. आक्का शेणाचे हात धुऊन अंगठा उठवायची, शिपाई चहा पिऊन परत जायचा.

आमचं किराणा दुकान चावडीच्या समोर. मी सांगलीकडची, जैनाघरची. सासूबाई आणि आमचे हे दुकान बघायचे, मी आतल्या चौकटीपाशी निवडण-टिपण करत बसायची. तिथून चावडी दिसायची, शाळेचं पटांगण दिसायचं आणि खालच्या वस्तीकडे उतरणारी वाटही दिसायची. त्यामुळं पुढं सांगते आहे त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आक्का अंगानं उंच, रंगानं सावळी. चालताना दोन्ही हात पाठीमागं धरायची, बाप्यासारखी. तिला मूलबाळ नव्हतं. सासू तिच्या लग्नाआधीच गेलेली, त्यामुळं धाकटा दीर नाथाजी तिच्याच पदराला धरून मोठा झाला. त्याला तिनं कडेगावच्या हायस्कूलला घातलं, मॅट्रिक केलं. परीक्षेच्या दिवसांत त्याला घरचं ताजं मिळावं म्हणून ही भाकरी बांधून रोज कडेगावला चालत जायची. "माझा नाथा" म्हणताना तिचा आवाज बदलायचा. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला. बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. गावातले आड कोरडे पडले. टँकर यायचा आणि वरच्या आळीतल्या आडात पाणी ओतून जायचा. वरच्या आळीला सरपंच लालासाहेबांचं घर होतं, उसाचा मळा होता. खालच्या वस्तीतल्या बायकांना त्या आडावर पोहरा सोडायची मुभाच नव्हती. त्यांनी लांब उभं राहायचं, कुणी दया करून घागरीत ओतलं तर न्यायचं. हरणाबाई म्हणून वस्तीतली एक बाई खडीवर आक्काच्या शेजारी बसायची. एकदा हातोडी खाली ठेवून ती म्हणाली, "आक्का, तुमी पंचायतीत हाय न्हवं? मग आमचं पानी कुनाला इचारायचं?"

पुढच्या मीटिंगला आक्का चावडीची पायरी चढून आत गेली. मी दुकानातून बघत होते. आतले सगळे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले.

लालासाहेब माणूस गोड बोलणारा. म्हणाले, "राहीबाई, तुमी कशाला तसदी घेतली? शिपाई आला असता की घरी."

"आवं सरपंच, मेंबर मी हाय का माझा आंगठा?" आक्का म्हणाली आणि पदर सावरून भिंतीला टेकून बसली.

त्या दिवशी फार काही झालं नाही. टँकर एक दिवसाआड वस्तीकडेही जाईल एवढं कबूल झालं, आणि ते थोडेफार दिवस पाळलंही गेलं. पण आक्काला एक गोष्ट समजली. नवे ग्रामसेवक आले होते, तरुण होते. त्यांनी तिला सांगितलं की गावात ज्याचं मत आहे त्या प्रत्येकाची मिळून ग्रामसभा होते, बायका धरून. पंचायतीला तिथं जाब द्यावा लागतो. गावातली पुरेशी माणसं जमल्याशिवाय ती सभा भरत नाही.

"मग आमच्या गावात कवा भरती?" आक्कानं विचारलं.

ग्रामसेवक हसले. "भरते की. कागदावर."

तिथून आक्काच्या डोक्यात ते शिरलं. संध्याकाळची धार काढून झाली की ती आळ्या धुंडायची. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या गोठ्यात, वस्तीवर लिंबाखाली पाच-सहा माणसं गोळा करायची. भाषण तिला येत नव्हतं. ती नुसतं विचारायची, "तुमाला पंचायतीला काय इचारायचं हाय?" आधी लोक लाजायचे. मग एकजण सुरू व्हायचा आणि मग आवरता आवरायचा नाही. दिवाबत्ती नाही. शाळेला संडास नाही. मसणवाटेत बाभळी माजल्यात. आमच्या सासूबाई कधी कुणाच्या दारात न जाणाऱ्या, त्याही एकदा ओट्यावर जाऊन बसल्या आणि गटारीबद्दल असं काही बोलल्या की आमचे हे घरी येऊन म्हणाले, "आईला एवढं बोलता येतं?"

आक्काबरोबर नेहमी असायची ती सुलाबाई. पंचायतीतली दुसरी बाई मेंबर. मधल्या आळीला राहायची. नवरा दम्यानं घरी बसून असायचा. दोघी एकाच गावच्या माहेरवाशिणी, खडीवरही एकाच पाटीला हात लावणाऱ्या. आक्का बोलायची आणि सुलाबाई माणसं बोलावून आणायची. आक्का कधी खचलीच तर सुलाबाई म्हणायची, "चल गं, आजून वाण्याची आळी ऱ्हायलीया."

पाऊसपाणी झालं, आणि त्या वर्षी भैरववाडीची पहिली खरी ग्रामसभा भरली. लालासाहेबांनी जागा भैरोबाच्या देवळात ठरवली होती. आक्का म्हणाली, "देवळात खालची वस्ती येनार न्हाई, म्हंजे अर्धी सभा बाहीर." मग सभा शाळेच्या पटांगणात झाली. मी पण गेले होते. बायका एका बाजूला बसल्या होत्या, पण बसल्या होत्या. कोंडीबा सुतार उठून दिव्यांबद्दल बोलला. मग हरणाबाई उठली. डोक्यावरचा पदर दातात धरून ती म्हणाली, "नळाची येवजना येनार म्हंत्यात. आमची वस्ती सगळ्यात लांब हाय. आमाला कुठला आड न्हाई. तवा पयला नळ आमच्याकडं बसवा." आणि मटकन खाली बसली.

लालासाहेब चष्मा पुसायला लागले. आक्का उठून म्हणाली, "ज्यास्नी पटतंय त्यांनी हात वर करा." आधी सुलाबाईचा हात वर गेला. मग सासूबाईंचा, माझा, कोंडीबाचा. मग बघता बघता सगळं पटांगण हातांनी भरलं. वरच्या आळीतल्याही काहींनी हात वर केला. कदाचित तेव्हा नळ योजना कुठंच दिसत नव्हती म्हणूनही केला असेल. पण केला. हरणाबाई रडत होती आणि तिच्या शेजारच्या बायका तिला हसत होत्या.

पंचायतीची निवडणूक आली तेव्हा सगळे म्हणाले, आक्कानंच सरपंच व्हावं. आक्का नको म्हणाली. "मला ल्ह्यायला येत न्हाई. विट्याला तालुक्याच्या सायबाफुडं काय बोलायचं? नाथा शिकलाय. त्यो करंल." लोकांच्या मनात जरा होतं, की नाथाजी नव्या घडीचा, उद्या कुणीकडे झुकेल काय सांगावं. आक्का घरोघर फिरली. आमच्या दुकानातही आली. सासूबाईंना म्हणाली, "नाथा माझ्या शबुदाभायर न्हाई. माझ्यावर इस्वास हाय न्हवं? मग त्याच्यावर ठेवा." वस्तीवर तर नाथाजी स्वतः तिच्याबरोबर गेला. हरणाबाईच्या अंगणात बसून चहा प्याला. त्या काळात आमच्या गावात ही लहान गोष्ट नव्हती. "पहिला नळ इथंच," तो म्हणाला. "ग्रामसभेनं ठरवलंय. मी बदलनारा कोन?"

आक्काचं पॅनेल निवडून आलं. नाथाजी सरपंच झाला. गुलाल उधळला तेव्हा त्यानं पहिल्यांदा वहिनीच्या पाया पडून मग हार घालून घेतला. आक्का आमच्या दुकानात आली आणि साखर मागितली. "किती देऊ?" मी विचारलं. "दे गं, हात आखडू नगंस," म्हणाली.

पहिलं वर्ष चांगलं गेलं हे खरंच सांगायला पाहिजे. दिवे लागले. मसणवाट साफ झाली. सभा वेळेवर भरायची, नाथाजी सगळ्यांबरोबर जमिनीवर बसायचा, कुणी वेडंवाकडं बोललं तरी ऐकून घ्यायचा. शेजारच्या गावची माणसं बघायला यायची. मला वाटायचं, आता हे असंच चालणार.

मग नळ योजना मंजूर झाली. ओढ्याकाठी विहीर पाडली, टेकावर टाकी उभी राहिली. आणि लालासाहेबांची गाडी नाथाजीच्या दारात थांबू लागली. लालासाहेबांनी मळ्याच्या रस्त्याला नवी घरं बांधली होती, त्यांच्या भाऊबंदांचीही तिकडंच होती. पाइप होता तेवढ्यात एकच लांब फाटा निघत होता, मळ्याकडं तरी किंवा खालच्या वस्तीकडं तरी. दुसरा फाटा पुढच्या टप्प्यात, असं तालुक्याचे साहेब म्हणाले. पुढचा टप्पा कधी, ते ते म्हणाले नाहीत. आणि पंचायत समितीच्या जागेला पुढच्या खेपेला कोण उभं राहणार, हे आमच्या भागात लालासाहेबांच्या ओसरीवर ठरायचं.

आक्कानं एकदा नाथाजीला विचारलं, "लालासायेब कशाला येत्यात रं?"

"सोसायटीचं काम अस्तंय, वैनी."

तिनं विश्वास ठेवला. घरात एका ताटात जेवलेल्या माणसावर कुणीही ठेवला असता.

त्या दिवशी कडेगावचा बाजार होता. अर्धं गाव बाजाराला गेलेलं, बायका उसाच्या भांगलणीला. मी चौकटीपाशी तांदूळ निवडत होते. शाळेच्या व्हरांड्यात काही माणसं जमलेली दिसली. लालासाहेब, त्यांचे भाऊबंद, नाथाजी, ग्रामसेवक. दवंडी आमच्यापर्यंत आली नव्हती. नंतर कळलं, ती वरच्या आळीत तेवढी पिटली होती. आमचे हे सहज तिकडं जाऊन आले आणि घाईनं परतले.

"ग्रामसभा आहे म्हणतात."

"एवढ्याच माणसांची?"

"पुरेशी माणसं नाहीत म्हणून आत्ता तहकूब केली. अर्ध्या तासानं पुन्हा बसणार. तहकूब झालेल्या सभेला किती माणसं पाहिजेत याची अटच नाही म्हणे. आहेत तेवढ्यांत ठराव होतो."

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "गुणा, पळ. राहीला सांग."

मी चप्पल न घालताच निघाले. ओढ्याच्या कडेच्या शेतात बायका भांगलत होत्या. मी जे ऐकलं ते धापा टाकत सांगितलं. "नाथा हाय तितं?" आक्कानं एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर ती उठली, तिच्यामागून सगळ्या बायका उठल्या. हातातली खुरपी तशीच घेऊन आम्ही बांधावरून, ओढ्यातून गावात आलो. पण शेत लांब होतं. पोचलो तेव्हा सभा उठली होती. माणसं व्हरांड्यात उभी राहून पान खात होती. फाटा मळ्याकडं न्यायचा ठराव झाला होता.

आक्का पायऱ्यांपाशी थांबली. "नाथा, गावाचं हात वर झालं हुतं ह्याच जागी. इसरलास?"

नाथाजीनं तिच्याकडं न बघता घसा साफ केला. "वैनी, सगळं नियमानं झालंय. सभा बोलावली, मानसं आली न्हाईत, तहकूब केली. ग्रामसेवकास्नी इचारा."

"मानसं बाजाराला गेल्याली तुला ठावं न्हवतं?"

"आता घरी चला. हितं तमाशा नगं."

आक्का त्यावर काही बोलणार होती. पण तिची नजर व्हरांड्याच्या कोपऱ्याकडं गेली आणि ती थांबली. आम्हीही बघितलं. खांबाआड पदर पुढं ओढून सुलाबाई बसली होती. सभेला बसलेली ती एकटीच बाई. ठरावाच्या बाजूनं तिनंही हात वर केला होता.

"सुले," आक्का म्हणाली. आवाज अगदी हळू होता.

सुलाबाईनं मान वर केली नाही. "मळ्याकडचा फाटा माझ्या दाराफुडनं जातुया, आक्का. मालकास्नी उठवत न्हाई. सुनेचं दिस भरत आल्यात. मी कुटवर पानी वाहू?"

"मला सांगायचं हुतंस."

"तू न्हाई म्हनली आसतीस."

आमच्यातली एक बाई शिव्या द्यायला लागली, तिला आक्कानंच गप्प केलं. नाथाजी लालासाहेबांबरोबर निघून गेला. सुलाबाई बऱ्याच वेळानं, भिंतीला हात लावत उठली.

आक्का तिथून थेट खालच्या वस्तीवर गेली. मी बरोबर होते. तिनं हरणाबाईला सगळं उभ्या उभ्या सांगितलं, काही झाकलं नाही. हरणाबाई भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यात टाकली, पाणी फिरवलं, उलटली.

"आमाला ठावं हुतं," ती म्हणाली. "पर तुमी म्हनलासा म्हनून आमी हात वर केला. त्येनं च्या प्याला हितं बसून. तुमी म्हनलासा, माझ्यावर इस्वास ठेवा. ठेवला. आता पुन्यांदा आमाला बलवाय येऊ नगा, आक्का."

आम्ही परत निघालो. नाथाजीनं दगा दिला ते आक्काला शेतातच कळलं होतं, सुलाबाईचं व्हरांड्यात कळलं. पण वस्तीच्या लेखी दगा देणारी ती स्वतः होती. हे तिला चढ चढताना कळत गेलं असावं, कारण दोनदा ती वाटेत थांबली आणि मागं वळून बघत राहिली.

ती विट्याला जाऊन आली. साहेबांनी ऐकून घेतलं. ठराव नियमात बसतो म्हणाले. बदलायचा तर पुन्हा ग्रामसभा मागा. तिनं मागितली. परत घरोघर फिरली, तशीच, हात मागं धरून. पण आता दारं अर्धीच उघडायची. वरच्या आळीला नळ आला होता. मधल्या आळीला आला होता. आमच्याही दाराजवळ एक बसला होता. लोक म्हणायचे, "आता लाइन टाकून झाली. उकरून काढायची का?" कुणी म्हणायचं, "आक्का, तुमच्या घरचाच सरपंच. घरातच मिटवा की." शेवटच्या वाक्यावर ती पुढच्या दाराकडं वळायची.

सभेच्या दिवशी पटांगणात सासूबाई, मी, आमचे हे, कोंडीबा सुतार आणि आणखी दोन-चार माणसं. नाथाजी तालुक्याला गेला होता, त्याच्या जागी उपसरपंच खुर्चीवर बसून पेंगत होते. खालच्या वस्तीतून कुणीही आलं नाही. मी सारखी त्या वाटेकडं बघत होते. ग्रामसेवकांनी माणसं मोजली आणि सभा तहकूब केली. मग ते आक्काजवळ येऊन उकिडवे बसले. त्यांनाही झाल्या गोष्टीचं वाईट वाटत असावं.

"आक्का," ते हळूच म्हणाले, "अर्ध्या तासानं आपण पुन्हा बसतो. तेव्हा अट नाही. तुम्ही आहात तेवढे हात वर करा. फाटा वस्तीकडं न्यायचा ठराव मी लिहितो. त्यांनी केलं तसंच. चालतं."

मी सासूबाईंचा हात दाबला. कोंडीबा म्हणाला, "करा आक्का. त्येंच्याच वाटंनं त्येंला गाठा." अर्धा तास आम्ही तसेच बसून राहिलो. सभा पुन्हा सुरू झाली. ग्रामसेवकांनी पेन उघडलं. आक्का उभी राहिली, तोंड उघडलं. मग तिनं वस्तीच्या वाटेकडं पाहिलं. वाट मोकळीच होती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"आक्का!"

"ज्यांच्यासाटनं करायचं ती आली न्हाईत. गाव आलं न्हाई. मग ह्यो ठराव कुनाचा?" असं म्हणून ती खाली वाकून पदराची धूळ झटकायला लागली.

मला त्या वेळी तिचा भयंकर राग आला. अजूनही तिचं बरोबर होतं की चूक, हे मला ठरवता येत नाही. तो ठराव टिकला असता असं नाही, नाथाजीनं चार दिवसांत उलटवला असता. पण वस्तीतल्या माणसांना निदान कळलं असतं की कुणीतरी हात वर केला. सासूबाई म्हणाल्या, "तिच्या अंगात आता बळ उरलं नाही, गुणा. तू बोलू नको तिला." मी बोलले नाही.

आक्कानं मेंबरकी सोडली. घरात चूल वेगळी केली, ओसरीच्या एका खणात राहायला लागली. शेळ्या पाळल्या. सुलाबाई कधी समोरून आली तर दोघी रस्त्याच्या दोन कडांनी जायच्या. वस्तीवरच्या बायका तिच्याशी वाईट वागत नव्हत्या, राम राम घालायच्या, पण थांबायच्या नाहीत. ग्रामसभा पुन्हा कागदावर भरू लागली. कुणी ती बंद केली नाही. लोक यायचेच थांबले.

नाथाजी मात्र वर गेला. पंचायत समितीवर निवडून आला, जीप आली. त्याचं भाषण ऐकायला लोक जमायचे, कारण त्याला बोलता यायचं. एका पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात कर्णा लावला होता. त्यात तो सांगत होता, की लोकशाही काय असते ते भैरववाडीनं तालुक्याला शिकवलं, इथल्या आयाबहिणींनी ग्रामसभा भरवली, आणि त्यात माझ्या वहिनींचा वाटा मोठा आहे. टाळ्या पडल्या. मी काहीतरी निमित्त काढून आक्काच्या ओसरीवर गेले. ती शेळीच्या पायातला काटा काढत होती. कर्ण्याचा आवाज तिथं लख्ख येत होता. तिनं काटा काढला, बोटांनी जखम दाबली आणि मला म्हणाली, "हळद हाय का दुकानात?"

एकोणऐंशीला पुन्हा निवडणूक आली. नाथाजीला या वेळी खालच्या वस्तीची मतं हवी होती. एका सकाळी त्याची जीप दारात थांबली. मी आक्काकडं ताक द्यायला गेले होते. मला बघूनही तो बसला. वहिनीच्या पाया पडला.

"वैनी, येकदा माझ्यासंगं वस्तीवर चला. तुमी नुसतं हुबं ऱ्हावा. नळ आणायचं मी बघतो."

आक्कानं त्याच्याकडं पाहिलं. त्याचे केस कानांवर पांढरे व्हायला लागले होते.

"नाथा," ती म्हणाली, "तुला वाढिवला ह्येचं मला कंदी वाईट वाटलं न्हाई. तुज्यासाठनं मी लोकांच्या दारात गेले, त्येचं वाटतंय."

"आवं, झालं गेलं..."

"मी न्हाई येनार."

तो आणखी थोडा वेळ बसला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, असं मला वाटलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पुढच्या गावी माणसं वाट बघत होती. नाथाजी उठला, टोपी नीट केली आणि गेला. जीप गल्लीतून वळली तेव्हा शेळ्या बुजल्या, दोन सुटून पळाल्या. आक्का आणि मी त्यांना धरायला उन्हातून धावलो.